काळदऱ्याची तिसरी टोपली

या, जवळ सरका. शरयू, पाय पांघरुणात घे. बाप्या, तू भिंतीकडे हो बघू, झोपेत लाथा मारतोस तू. हं. आता ऐका.

एका डोंगराच्या पायथ्याला एक राज्य होतं आणि त्या राज्याचा होता एक राजा. मकरंद त्याचं नाव. राजा मनाने चांगला, पण काळजीखोर. आणि काळजी करण्यासारखंच होतं, बरं का. त्याच्या राज्यात एकच नदी होती. ती डोंगरातल्या एका गुहेतून निघायची आणि त्या गुहेच्या तोंडाशी एक राक्षस राहायचा. काळदऱ्या त्याचं नाव. डोंगराएवढा उंच, दगडासारखं अंग, खांद्यावर गवत उगवलेलं.

हा काळदऱ्या माणसं खायचा नाही. आंबे खायचा. राजाच्या पणजोबाने त्याच्याशी करार केला होता. दर उन्हाळ्यात राजाच्या तीन बागांमधून आंब्यांच्या तीन टोपल्या काळदऱ्याला द्यायच्या. आधी वरच्या बागेतली, मग मधल्या बागेतली, मग खालच्या बागेतली. आंबे गोड असले, चांगले असले, की काळदऱ्या नदी मोकळी सोडायचा. खराब निघाले, तर टोपलीमागे एक दगड गुहेच्या तोंडावर. तीन दगड पडले, की नदी बंद. कायमची.

पणजोबाच्या काळापासून एकही दगड पडला नव्हता. पण एका वर्षी काय झालं, राज्यात फळमाश्या आल्या. एवढ्याशा, पिवळसर, कमरेत बारीक. आंबा पाडाला लागला, म्हणजे पिकायला आला, की माशी येऊन बसायची, सालीला बारीक भोक पाडायची आणि आत अंडी घालायची. वरून आंबा कसा? सोन्यासारखा. आणि आत? पांढऱ्या अळ्यांची वळवळ!

वरच्या बागेतली टोपली गेली. काळदऱ्याने पहिला आंबा फोडला. अळी. दुसरा फोडला. अळी. तिसरा फोडला. अळीच. मग काळदऱ्याने नुसता हात लांब केला, एक प्रचंड दगड उचलला आणि गुहेच्या तोंडावर ठेवला. धडाम्! राजवाड्यातली भांडी फळीवरून खाली आली.

नदी निम्मी झाली. घाटाच्या खालच्या पायऱ्या कोरड्या पडल्या. बायका हंडे घेऊन बघत उभ्या राहिल्या.

मग राजाच्या दरबारात एक माणूस आला. हिरवा फेटा, पाठीवर पोतं. म्हणाला, "महाराज, माझ्याकडे काळी पूड आहे. झाडावर उधळली, की माशीच काय, तिची सावलीसुद्धा उरायची नाही."

राजाला धीर आला. मधल्या बागेत पूड उधळली गेली. सगळी बाग काळी झाली. माश्या मेल्या, खरोखर मेल्या. पण मधमाश्याही मेल्या. पानांवरचे किडे मेले, ते किडे खाऊन बुलबुल मेले. पूड उधळणारे शिपाई खोकून खोकून बेजार झाले. आणि आंबे? एकाही आंब्यात अळी नव्हती. दुसरी टोपली वाजतगाजत काळदऱ्याकडे गेली.

काळदऱ्याने आंबा तोंडात टाकला. आणि थू! त्याची जीभ भाजली. काळी पडली, फोड आले. तो असा ओरडला, की डोंगरावरची झाडं वाकली. दुसरा दगड गुहेवर पडला.

आता नदीची नुसती एक धार उरली. माणसांनी प्यायचं, की गुरांना पाजायचं? शेजारी शेजाऱ्याशी भांडायला लागला.

आता उरली खालची बाग. ती होती राजाच्या धाकट्या बहिणीची, सगुणेची. आईने मरताना ती बाग सगुणेच्या ओटीत घातली होती. सगुणा काही मोठी हुशार वगैरे नव्हती, बरं का. हट्टी होती, आणि भित्री. झुरळाला घाबरायची, पालीला घाबरायची आणि सगळ्यात जास्त घाबरायची मुंग्यांना. लहानपणी एकदा वारुळावर बसली होती ना, तेव्हापासून.

राजा तिच्याकडे आला. म्हणाला, "सगुणे, तुझ्या बागेत पूड उधळायची आहे."

"दादा, मधल्या बागेचं काय झालं ते पाहिलंस ना?"

हिरव्या फेट्याचा माणूस मागेच उभा होता. तो पटकन म्हणाला, "तिथे पूड जास्त पडली. इथे बेताने टाकू. वर आंबे धुऊन देऊ."

"कशाने धुणार?" सगुणा म्हणाली. "पाणी कुठाय?"

त्याने पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग राजा म्हणाला, "तुझ्याकडे दुसरा काही उपाय आहे का? असेल तर सांग. तुझे आंबे पाडाला लागेपर्यंत मी थांबतो. त्यानंतर नाही. माझ्या माणसांचे घसे कोरडे पडलेत, सगुणे."

सगुणेकडे उपाय नव्हता. एकही नव्हता. ती बागेच्या बांधावर बसली आणि रडली. आपण हट्टाने सगळ्या राज्याचं पाणी घालवणार, असं तिला वाटायला लागलं. उठून दादाला सांगावं, टाक बाबा पूड, असंही तिच्या मनात आलं.

तेवढ्यात मधल्या बागेकडून काय आलं? एक कोंबडी! कवडी रंगाची, अंगभर काळी पूड, आणि मागे दोनच पिल्लं. ती धापा टाकत होती.

कोंबडी म्हणाली, "बाई गं, तुझ्या बागेत येऊ का? माझी बाकीची पिल्लं गेली."

राखणदार काठी घेऊन धावला. कोंबड्या रोपं उकरतात ना! पण सगुणेने त्याला थांबवलं. कोंबडीला पदराने पुसलं, पिल्लांना वाटीत पाणी दिलं. ते तिचं स्वतःचं प्यायचं पाणी होतं, बरं का.

कोंबडी जरा सावरली आणि म्हणाली, "झाडाखाली ही फळं पडलीयत ती उचल आधी. अळी पडलेल्या फळातून मातीत उतरते. मातीत कोश करते. कोशातून माशी निघते आणि परत झाडावर जाते. फळं तू उचल. माती मी उकरते."

मग सगुणेने पदर खोचला. पडलेला प्रत्येक आंबा उचलला, नासका, चिकट, घाण वास मारणारा. मोठ्या कढईत सगळे भाजून काढले आणि खोल खड्ड्यात पुरले. कोंबडीने गावातल्या सगळ्या कोंबड्यांना हाक मारली. त्या आल्या आणि भराभरा माती उकरून कोश टिपायला लागल्या.

माश्या कमी झाल्या का? झाल्या. संपल्या का? नाही. शेजारच्या रानातून नव्या येतच राहिल्या. झाडावर कैऱ्यांचा रंग पालटायला लागला होता.

मग एक मधमाशी आली. एकटीच. तिला उडताही येत नव्हतं. ती सगुणेच्या पायाशी पडली.

"माझं अख्खं पोळं गेलं," मधमाशी म्हणाली. "मला फुलावर ठेव गं. कुठल्याही."

सगुणेने तिला अलगद उचललं आणि तुळशीच्या मंजिरीवर ठेवलं. मधमाशी बराच वेळ तशीच पडून राहिली. सगुणेला वाटलं, गेली. मग तिने पंख हलवले.

"ही तुळस आहे ना," मधमाशी म्हणाली, "हिच्या वासाला फळमाश्यांचे नर भुलतात. पानं चुरून रस काढ, करवंटीत घाल, थोडं पाणी ओत आणि फांदीला टांग. नरच उरले नाहीत, तर माद्या अंडी कुठून घालतील?"

सगुणेने झाडाझाडाला नारळाच्या करवंट्या टांगल्या. बाग तुळशीच्या वासाने भरली. माश्या वासाला आल्या, करवंटीत उतरल्या आणि बुडाल्या. दुपारी बघावं तर प्रत्येक करवंटीत नुसता माश्यांचा थर.

आता तरी संपल्या का? काय वाटतं तुम्हाला? बऱ्याच संपल्या, पण सगळ्या नाही. ज्या माद्यांच्या पोटात आधीच अंडी होती, त्या उरल्याच. त्या फांद्यांवर टपून बसल्या होत्या, आंब्याला पाड कधी लागतो याची वाट बघत. आणि टोपलीत एक जरी किडका आंबा गेला, तरी दगड पडणार होता.

आणि त्याच सकाळी पहिला आंबा पाडाला लागला. राजाची मुदत संपली.

सगुणा ओढ्याकडे धावली. दादा याच वाटेने येणार, त्याचे पाय धरावेत, असं तिने ठरवलं होतं. खालची बाग आणि मधली बाग यांच्यामध्ये हा ओढा होता, अरुंद, खोल, दोन्ही काठ उभे कापलेले, तळाशी नुसता चिकट गाळ. पलीकडच्या काठावर पाहते तर काय? जमीन लाल झालेली! आणि ती लाल जमीन हलत होती.

तांबड्या मुंग्या! झाडावर राहतात ना, पानं एकमेकांना शिवून घरं बांधतात, त्या. पुडीतून वाचलेल्या तेवढ्या सगळ्या काठावर येऊन थांबल्या होत्या. तोंडात पांढरी पिल्लं धरलेली. आणि मध्ये त्यांची राणी, हिरवट, जाड, थकलेली.

सगुणा मागे सरकली.

मुंग्यांची राणी म्हणाली, "पोरी, आम्हाला पलीकडे यायचंय. इथे राहिलो तर मरू."

"मी तुम्हाला घाबरते," सगुणा म्हणाली. खरं तेच बोलली.

"दिसतंय मला," राणी म्हणाली. "पण आम्ही ज्या झाडावर राहतो, त्या झाडावर माशी बसत नाही. तिला आमचा वाससुद्धा सोसत नाही. आम्हाला पलीकडे ने. तुझे आंबे आम्ही राखू."

सगुणेने इकडेतिकडे पाहिलं. हाताशी तोडलेली फांदी नाही, बांबू नाही, ओंडका नाही. धावत घरी जाऊन यावं, तर वरून रस्त्यावर धूळ उठलेली दिसली. राजाचे शिपाई येत होते, आणि त्यांच्या पुढे हिरवा फेटा.

मग सगुणा ओढ्याच्या कडेला पालथी पडली. एका हाताने झाडाचं मूळ घट्ट धरलं. दुसरा हात लांब केला, अगदी खांदा निखळेल इतका. बोटं पलीकडच्या मातीला जेमतेम टेकली.

"या," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

राणी म्हणाली, "माझ्या लेकी घाबरलेल्या आहेत. त्या चावतील. पण हात हलवलास, तर आम्ही सगळ्या खाली पडू."

पहिली मुंगी बोटावर चढली. मग दुसरी. मग सगळी रांग सुरू झाली. मनगट, कोपर, दंड, खांदा, पाठ आणि मग बाग. चावल्या का? चावल्या तर! लाल मुंगीचा चावा म्हणजे निखारा नुसता. सगुणेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दातांत ओठ धरला होता. पण हात हलला नाही.

इतक्यात राजा येऊन पोचला. "सगुणे, हे काय? ऊठ!"

"उठता येत नाही, दादा."

हिरव्या फेट्याच्या माणसाने पोत्याचं तोंड सोडलं. "महाराज, वारा चांगला आहे. इथूनच उधळतो. या मुंग्याही जातील."

त्याने मूठ भरली. हात वर केला. सगुणेने मान वळवून भावाकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं असतं, तर किंकाळीच निघाली असती.

राजाने तिचा हात पाहिला. खांद्यापासून बोटांपर्यंत लाल, सुजलेला, आणि त्यावरून मुंग्या चाललेल्या. ही तीच सगुणा, जी एक मुंगी दिसली तरी दादाच्या पाठीवर चढून बसायची.

राजाने त्या माणसाचं मनगट पकडलं. "थांब."

"महाराज, वेळ निघून जाईल!"

"थांब म्हणालो ना!"

शेवटी राणी आली, हळूहळू, सगुणेच्या दंडावरून, आणि बागेत उतरली. राजाने सगुणेला उचलून काठावर बसवलं. तिचा हात आपल्या उपरण्यात गुंडाळला.

"एकच सांग," राजा म्हणाला. "याने आंबे वाचतील, अशी खात्री आहे तुझी?"

सगुणेने मान हलवली. "नाही, दादा. खात्री नाही. पण पुडीने वाचत नाहीत, हे आपण दोघांनी पाहिलंय."

राजाने वाकून त्या पोत्याचं तोंड आवळून बांधलं. मग म्हणाला, "ठीक आहे. टोपली तू घेऊन जायची. आणि मी तुझ्याबरोबर येणार."

मग मुंग्या कामाला लागल्या. सगुणेने एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत काथ्याच्या दोऱ्या बांधल्या, म्हणजे मुंग्यांना खाली न उतरता सगळीकडे जाता यावं. डावा हात गळ्यात बांधलेला, म्हणून गाठी तिला दातांनी माराव्या लागल्या. मुंग्यांनी पानं शिवली, घरं बांधली. आंब्याआंब्यावर पहारा बसला. माशी आली, की मुंगी धावलीच. माशी हवेत घिरट्या घालायची, बसायला जायची आणि उडून जायची.

आंबे उतरवायला माणसं आली, ती मात्र अंगाला राख फासून! नाहीतर मुंग्यांनी त्यांनाही सोडलं नसतं.

टोपली भरली. सगुणा आणि राजा डोंगर चढले. काळदऱ्या गुहेपाशी बसला होता. जिभेवरचे फोड अजून गेले नव्हते. तिसरा दगड त्याने आधीच मांडीवर घेऊन ठेवला होता.

"आणा," तो म्हणाला.

पहिला आंबा त्याने हुंगला. फोडला. स्वच्छ. दुसरा फोडला. स्वच्छ. असं करत करत टोपली रिकामी होत आली. शेवटचा आंबा राहिला. सगळ्यात मोठा. काळदऱ्याने तो उचलला, डोळ्यांजवळ नेला. आणि देठापाशी काहीतरी हललं.

"किडा!"

काळदऱ्या उभा राहिला. आंबा एका हातात, आणि दुसऱ्या हातात तो दगड. दगडाची सावली गुहेच्या तोंडावर पडली. राजाचा हात तलवारीवर गेला.

पण सगुणा धावली आणि त्या सावलीतच जाऊन उभी राहिली, नदीच्या धारेत.

"आधी आंबा फोड!" ती ओरडली. "मग दगड टाक."

"आत अळी निघाली तर?"

"तर टाक. मी इथून हलणार नाही."

राजाने तलवार फेकून दिली आणि बहिणीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. धार त्यांच्या घोट्यांवरून वाहत होती. दगड तसाच डोक्यावर.

काळदऱ्याने अंगठ्याने आंबा फोडला. वरून बघितलं, खालून बघितलं, कोय काढून बघितलं. केशरी गर, आणि काही नाही. अळी नाही, पुडीचा वासही नाही.

"मग हा लाल किडा कोण?"

"तो किडा नाही," सगुणा म्हणाली. "ती मुंगी आहे. तिने आंबा राखला. फळ तोडलं, तरी तिला सोडवेना."

काळदऱ्याला मोठं नवल वाटलं. एवढीशी मुंगी आणि ती राखण करते? त्याने तिला आपल्या करंगळीवर घेतलं. आणि मुंगीने काय केलं? कडकडून चावली! राक्षसाला!

"आई गं!" काळदऱ्या ओरडला. आणि मग हसायला लागला. एवढ्या मोठ्या देहाला आजवर कोणी चावलंच नव्हतं! खो खो हसला. पोट धरून हसला. हातातला दगड बाजूला दरीत पडला. डोंगर हलला. हसता हसता त्याचा पाय गुहेवर आपटला आणि पहिला दगड गडगडत गेला, पाठोपाठ दुसरा गेला. राजाने सगुणेला ओढून वर घेतलं, आणि खालून पाणी सुटलं. असं सुटलं, की घाटावरच्या बायकांचे हंडे बघता बघता भरले. गुरं पाण्यात जाऊन बसली.

हिरव्या फेट्याचा माणूस आपली पोती उचलून राज्याबाहेर चालता झाला. पुन्हा तिथे कोणी त्याला बोलावलं नाही.

मधली बाग मात्र लगेच बरी झाली नाही, बरं का. मधमाश्या परत यायला काही वर्षं लागली. तोवर राजा स्वतः तिथे जायचा. पडलेली फळं उचलायचा, करवंट्या टांगायचा, दोऱ्या बांधायचा. काळदऱ्याला दर उन्हाळ्यात तीन टोपल्या जायच्या, आणि तो चट्टामट्टा करायचा. सगुणेच्या हातावरची सूज उतरली. भीती? थोडी राहिली. पण ती बागेत रोज जायची. कोंबडीची पिल्लं मोठी झाली, राणीच्या लेकींनी झाडंच्या झाडं भरली, आणि राज्यातली सगळी माणसं पोटभर पाणी पिऊन, आंबे खाऊन सुखाने राहिली.

झाली गोष्ट. शरयू, डोळे मिट आता. बाप्या तर केव्हाच झोपला. निजा, माझ्या राजांनो.